साहेबांच्या नावाने

केस कापणारा गप्प बसला की गिऱ्हाइकाला धास्ती वाटते, असं फेसमामांचं म्हणणं होतं, आणि कोणाला धास्ती वाटू नये म्हणून ते दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत बोलत असत. दाढीचा साबण वाटीत घोटायला घेतला की त्यांचा ब्रश थांबायचा नाही आणि जीभही थांबायची नाही. फेस गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत जायचा. त्यावरून कोणीतरी फेसमामा म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. ठेवणाऱ्याने ते वाईट मनाने ठेवलं नव्हतं आणि मामांनीही मनाला लावून घेतलं नव्हतं.

दुकानात दोन खुर्च्या, एक लांब आरसा, कोपऱ्यात उंचावर टीव्ही आणि आरशाशेजारी चौकटीत एक फोटो. फोटोत साहेब. साहेब म्हणजे कोण, हे त्या गावात विचारायची सोय नव्हती. तो भाग त्यांचा होता, निवडून तेच यायचे, आणि वर सरकार कोणाचंही असो, साहेब त्यात कुठेतरी असायचेच. फोटो जुना होता, साहेब साहेब होण्याआधीचा. मामांच्या खुर्चीत बसून ते दाढी करून घेत होते आणि मामा शेजारी वस्तरा धरून असे उभे होते की माणूस त्यांनीच घडवला असावा. "ज्याने माझ्या वस्तऱ्याखाली गळा दिला, तो मला फसवेल का?" असं ते हरेक गिऱ्हाइकाला विचारायचे. आता वस्तऱ्याखाली गळा असताना यावर कोण काय बोलणार? सगळे नाही म्हणायचे, आणि मामांना वाटायचं, गाव आपल्या मताचं आहे.

दिवस मात्र चमत्कारिक आले होते. सरकार आज आहे, उद्या असेल की नाही, हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. सकाळी एकमेकांना शिव्या देणारे पुढारी संध्याकाळी टीव्हीवर एकमेकांच्या गळ्यात हार घालत होते. बाजारात भाव रोज नवा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बाटल्यांचा कारखाना बंद होणार अशी आवई उठली होती. अर्धं गाव त्या कारखान्यावर जगत होतं. मामांचा जावईही तिथेच, भट्टीवर.

मामांचं घर म्हणजे खरं तर झोपायची जागा. बायको गेल्यापासून तिथे चूल पेटत नव्हती. ते रोज संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचे आणि दोन गल्ल्या ओलांडून लेकीकडे जेवायला जायचे. दारातूनच नातीचा आवाज यायचा, "आजोबा आले, फेस आला!" मग ती त्यांच्या खिशात हात घालून गोळी शोधायची. मामांच्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ ती. बाकीचा दिवस ते तिच्यासाठीच ढकलत असत, पण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. इतकं बोलणारा माणूस, पण कामाचं तेवढं राहून जायचं.

अशाच एका संध्याकाळी जावई जेवता जेवता म्हणाला, "मामा, एक बोलायचं होतं."

जावई बोलणार म्हटल्यावर मामांनी घास खाली ठेवला. भट्टीच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे त्या माणसाला गप्प राहायची सवय लागली होती. वर्षातून दोन-चारदा तो काही सांगायचा, आणि सांगायचा ते नेमकं असायचं.

"दुसरी भट्टी थंड केलीय," तो म्हणाला. "काचेची भट्टी कोणी सहज थंड करत नाही. एकदा थंड झाली की तडकते, परत बांधावी लागते. मालकाच्या मनात काहीतरी आहे."

"आणि ह्यांना बोलावणं आलंय," लेक मध्येच म्हणाली. "लांबच्या एका कारखान्यातून. मुकादम म्हणून. राहायला जागा देतात. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणालेत, नाहीतर दुसरा माणूस घेतील."

"लांब म्हणजे किती लांब?"

लेकीने शहराचं नाव सांगितलं. तिथे जायचं म्हणजे सणासुदीलाही येणं अवघड. नात त्यांच्या मांडीवर बसून चमच्याने ताट वाजवत होती.

"काही जायची गरज नाही," मामा म्हणाले. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाले. "मी परवा चौकातल्या सभेला गेलो होतो. साहेबांनी गर्दीतून मला ओळखलं. खाली वाकून माझा हात धरला. मी विचारलं, साहेब, कारखान्याचं काय? म्हणाले, 'मामा, काळजी करू नका, मी आहे ना!' आता याच्यावर आणखी काय हवं?"

जावई ताटाकडे बघत राहिला. लेक मात्र मामांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. तिलाही कुठे जायचं होतं? "बाबा, तुमची खात्री आहे ना?" तिने विचारलं.

"खात्री म्हणजे? साहेबांचा शब्द आहे!"

"मग आपण नाही म्हणून कळवू," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबा एवढं सांगताहेत तर."

असं ते ठरलं. साहेबांच्या शब्दावर मामांनी आपला शब्द ठेवला आणि त्या दोन शब्दांवर लेकीने संसार ठेवला. त्या रात्री मामा जरा जास्तच जेवले.

मामा गावातल्या ख्रिस्ती मंडळीतले जुने. लहानसं चर्च, बाकं मोजकी, छप्पर पत्र्याचं, माणसं एकमेकांना नको तितकी ओळखणारी. तिथे एक रीत होती. उपासनेतली मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, करत नसत, मंडळीतल्या कोणीतरी पाळीपाळीने करायची. कागद घ्यायचा नाही, डोळे मिटायचे, आणि आठवड्याभरात ज्याने ज्याने आपलं दुःख कानावर घातलं असेल ते सगळं देवापुढे मांडायचं. शेवटी "प्रभू येशूच्या नावाने मागतो" म्हटलं की सगळी मंडळी "आमेन" म्हणायची. मामांची पाळी आली की बायका घरून स्वयंपाक उरकून यायच्या, कारण मामा देवापुढेही साबण घोटायचे. मंडळी इतकी कंटाळायची की "मागतो" हा शब्द कानावर पडताच "आमेन" तयारच असायचं. कोण काय मागतोय ते पुरतं ऐकण्याची सवय कोणालाच राहिली नव्हती.

त्या रविवारी पाळी मामांची होती. ते समोर उभे राहिले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आजारी मंडळींची नावं घेतली. म्हाताऱ्या शिंपिणीच्या गुडघ्यांची आठवण देवाला करून दिली. मग कारखाना. मग देशाची परिस्थिती, जी देवाला टीव्ही नसल्यामुळे माहीत नसावी अशा तपशिलाने. मग साहेब. साहेबांना दीर्घायुष्य दे, साहेबांना बळ दे, साहेबांच्या विरोधकांची तोंडं बंद कर, साहेब आमच्या पाठीशी आहेत तसे सदैव राहोत. मामांचा आवाज भरून आला. त्यांना खरंच भरून आलं होतं. मिटल्या डोळ्यांपुढे नात दिसत होती. आणि त्या भरात, वर्षानुवर्षं न चुकलेल्या जागी येऊन ते म्हणाले,

"हे सर्व आम्ही साहेबांच्या नावाने मागतो."

"आमेन!" मंडळी म्हणाली.

चांगलं खणखणीत म्हणाली. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत. आणि मग हळूहळू, दूध उतू गेल्याचं एकेकाच्या लक्षात यावं तसं, झालेलं लक्षात यायला लागलं. शिंपिणीने तोंडाला पदर लावला. मागे कोणीतरी खोकून हसू लपवलं. मामांनी डोळे उघडले तेव्हा सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं आणि त्यांना काय बोललो ते अजून कळलं नव्हतं. मग कळलं. कान लाल झाले, मान लाल झाली, टक्कलसुद्धा लाल झालं.

ऑर्गनवर त्यांची थोरली बहीण होती. तिने वाट न बघता पुढच्या गीताचे सूर धरले, नेहमीपेक्षा मोठ्याने. भावाला झाकायला तिच्याजवळ तेवढंच होतं.

उपासना संपल्यावर बाहेर चहा असतो. मामांना सरळ घरी पळायचं होतं, पण पाळक कप घेऊन नेमके त्यांच्यासमोर आले.

"पाळक, जीभ घसरली हो माझी," मामा म्हणाले.

"आमेन तर आम्ही सगळ्यांनी म्हटलं, मामा. मीसुद्धा." पाळक हसत नव्हते. "घरी गेल्यावर मला तेच आठवणार आहे. पुढाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं आपल्याला बायबलमध्ये सांगितलंय. आपण त्यांच्याकडेच करायला लागलो की काय, हे बघायला हवं."

बहीण एवढी मवाळ नव्हती. ती लहानपणापासून मामांचे कान पिळत आली होती आणि आता वयाने हात पोचत नसले तरी जिभेला वय नसतं. "घसरली म्हणे!" ती म्हणाली. "पोटात होतं तेच ओठावर आलं. आठवडाभर तुझ्या तोंडात दुसरं नाव होतं का? काखेत कळसा नि गावाला वळसा! देवाच्या दारात उभा राहून साहेबांचा वशिला लावतोस?"

"ताई, लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे."

"तेच म्हणते मी. म्हणून तरी नीट जागी माग."

मामांना राग आला. खरं बोललेलं झोंबतंच. दुसऱ्या दिवशी दुकानात तर गावाने कहर केला. चर्चची पायरी कधी न चढलेला टेम्पोवालाही खुर्चीत बसून म्हणाला, "मामा, आज दाढी साहेबांच्या नावाने होऊ द्या." मामांनी त्याला थंड पाण्याने दाढी करून दिली.

त्याच दुपारी साहेबांचा माणूस आला. उद्या साहेबांची चौकात पुन्हा सभा आहे, म्हणाला, त्याआधी साहेब तुमच्याकडे दाढी करतील, फोटोवाले येतील, दुकान जरा नीटनेटकं ठेवा. मामांचा राग कुठच्या कुठे पळाला. उद्या मंगळवार. उद्या संध्याकाळीच जावई कळवणार होता. ही देवाचीच योजना नाही तर काय? साहेब समोर येतील, खुर्चीत बसतील, आणि मामा त्यांच्या तोंडून कारखान्याचं पक्कं वदवून घेतील. मग ताईला सांगता येईल, आणि पाळकांनाही. त्यांनी आरसा पुसला, दोन्ही खुर्च्यांना तेल घातलं, नवा टॉवेल काढला.

सकाळी साहेब आले. दारात गाड्या, गाड्यांतून माणसं, माणसांच्या हातात कॅमेरे. साहेब फोटोतल्यापेक्षा जाड झाले होते, चालताना एका पायावर जोर देत होते. "मामा!" म्हणून त्यांनी मिठी मारली, कॅमेरे उजळले. मग ते खुर्चीत बसले, मामांनी अंगावर कापड टाकलं, गळ्याशी गाठ मारली. थोडे फोटो झाले. साहेब म्हणाले, "आता जरा बाहेर थांबा रे, मला दाढी करू द्या." माणसं बाहेर गेली. दार बंद झालं. साहेबांनी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले.

मामांनी साबण घोटायला घेतला. ब्रश गालावर फिरायला लागला. आता विचारायचं. त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, कारखान्याचं काय होणार?"

"काळजी करू नका, मामा. मी आहे ना."

मामांना हायसं वाटलं. अगदी तेच शब्द, त्याच आवाजात. जरा जास्तच त्याच आवाजात. त्यांनी वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "पाणी फार गरम नाही ना?"

"काळजी करू नका," साहेब म्हणाले. "मी आहे ना."

मामांचा हात थांबला. साहेबांचे डोळे मिटलेले होते, तोंड किंचित उघडं. ते झोपेत होते, निदान अर्धे तरी. मामांनी आवाज हळू केला.

"साहेब, टॉवेल बदलू का?"

"करू नका काळजी... मी आहे ना."

आता दुसरा कोणी असता तर हसला असता. मामांनाही हसू यायला हवं होतं. पण ते हसले नाहीत, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं गेलं ते त्यांना कधीच कळलं नाही.

"साहेब, माझी बायको गेली."

"काळजी करू नका," साहेब पुटपुटले. "मी आहे ना..."

आणि घोरायला लागले.

मामा वस्तरा हातात धरून उभे राहिले. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कोणीतरी घोषणेचा सराव करत होतं. आत एक थकलेला माणूस झोपला होता. डोळ्यांखाली काळं. गळ्यावरची शीर उडत होती. श्वास आत जात होता, जरा अडकत होता, बाहेर येत होता. किती रात्री झोपला नसेल बिचारा. या माणसाने त्यांना फसवलं नव्हतं. तो सगळ्यांनाच हे म्हणत होता, इतक्या वेळा, इतक्या लोकांना, की आता ते त्याच्या तोंडून श्वासासारखं आपोआप येत होतं. आणि त्या श्वासावर मामांनी आपल्या लेकीचं घर टांगलं होतं.

मामांना लाज वाटली. साहेबांची नाही, स्वतःची. साहेबांवर विश्वास होता म्हणून काही त्यांनी लेकीला थांबवलं नव्हतं. लेक जायला नको होती, म्हणून साहेबांवर विश्वास ठेवला होता. संध्याकाळी दारातून कोणी हाक मारणार नाही याची भीती वाटली होती, आणि ती भीती त्यांनी देवाला सांगायचं सोडून तिला साहेबांचा फोटो लावला होता.

त्यांनी दाढी सुरू केली. हळू, अगदी हळू, झोप मोडू नये अशी. आणि दाढी करता करता मनातल्या मनात म्हणाले, देवा, याला झोप दे. याच्या पायाला बरं कर. याच्याकडून जे होण्यासारखं आहे ते चांगलं होऊ दे, आणि जे होण्यासारखं नाही ते मी याच्याकडे मागितलं, त्याची क्षमा कर. साहेबांसाठी ते इतकी वर्षं प्रार्थना करत होते, पण साहेब एक माणूस आहेत हे धरून केलेली ही पहिलीच. पुरती दाढी होईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला धास्ती वाटली नाही, कारण गिऱ्हाईक घोरत होतं.

तुरटी लागल्यावर साहेब दचकून जागे झाले. आरशात बघून हसले, गालावरून हात फिरवला. "हात तोच आहे हं, मामा!"

"साहेब, मी तुमच्यासाठी प्रार्थना करत असतो."

साहेबांनी तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य येणार असं वाटलं, पण आलं नाही. "करा," ते म्हणाले. मग दाराकडे जाता जाता थांबून परत म्हणाले, "खरंच करा." बाहेर पडले, हात वर केला, गर्दी ओरडली.

मामांनी सभेची वाट बघितली नाही. भर सकाळी दुकानाला कुलूप लावलं. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणाले. गिऱ्हाईक आभाळाकडे बघत राहिलं, कारण असं आजवर झालं नव्हतं.

लेकीच्या घरी जावई खुर्चीत बसला होता, फोन हातात. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल.

"बरं झालं बाबा, आलात," लेक म्हणाली. "हे आत्ताच नाही म्हणून कळवताहेत. संध्याकाळपर्यंत कशाला लांबवायचं?"

"थांबा," मामा म्हणाले. "जावईबापू, फोन खाली ठेवा जरा."

त्यांना दम लागला होता. लेकीने पाणी दिलं. ते प्याले, पेला हातातच धरून बसले.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "साहेबांना काही माहीत नाही. मला तर त्याहूनही कमी. मी मला बरं वाटेल ते सांगितलं. भट्टी जावईबापूंनी डोळ्यांनी बघितलीय, मी टीव्ही बघितलाय. माझ्या शब्दावर थांबू नका."

लेक त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, आम्ही गेलो तर तुमचं काय? जेवणाखाण्याचं?"

"तेच तर. त्याचीच मला भीती वाटली होती. तुझी आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, आता संपलं. मग तू होतीस. मग ही चिमुरडी आली. मला वाटलं, तुम्ही गेलात की मला कोणी नाही." मामांनी पेला टेबलावर ठेवला. "तुम्हाला मी धरून ठेवलं, पोरी. आणि वर नाव दुसऱ्याचं सांगितलं."

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. जावई उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "मामा," तो म्हणाला, "तुम्हीही चला आमच्याबरोबर."

"येईन कधीतरी. बघायला येईन. पण मंडळी इथे आहे, ताई इथे आहे. आणि टेम्पोवाल्याची दाढी कोण करणार?"

"तिकडे तरी काय होईल, कोणास ठाऊक," लेक म्हणाली.

"मला ठाऊक नाही. साहेबांना ठाऊक नाही, तुमच्या नव्या मालकालाही नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याला विचारून मग ठरवा. मी नाही सांगणार काही."

मग ते तिघे तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. प्रार्थना मामांनी सुरू केली. "हे बापा," म्हणाले, आणि पुढे शब्दच येईनात. त्यांच्यासारख्या माणसाला! मग जावयाने, ज्याने चर्चमध्ये एकदाही पाळी घेतली नव्हती, हळू आवाजात म्हटलं, "बापा, आम्ही तुझे आहोत. आम्हाला वाट दाखव. आणि मामांना सांभाळ. येशूच्या नावाने." एवढंच. लेकीने आमेन म्हटलं, मामांनीही म्हटलं. संध्याकाळी जावयाने फोन लावला आणि म्हणाला, "हो, येतो."

ती तिघं गेली. सामान गेलं, नातीची तीनचाकी सायकल गेली. पहिल्या संध्याकाळी मामा सवयीने दोन गल्ल्या ओलांडून बंद दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. तो काळ वाईट होता, उगीच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ताईकडे ते जेवायचे, तिची बोलणी खायचे, रात्री देवाशी बोलायचे. कधी कधी नुसतेच बसायचे.

आणि कारखाना? कारखाना बंद पडलाच नाही. साहेबांनी म्हणे वर कुठेतरी शब्द टाकला, नवा मालक आला, तडकलेली भट्टी नव्याने बांधून पेटवलीसुद्धा. टेम्पोवाला खुर्चीत बसून म्हणाला, "बघा मामा, साहेबांनी शब्द पाळला! उगीच पाठवलीत लेकीला."

"पाळला. देव त्यांचं भलं करो," मामा म्हणाले. मनापासून म्हणाले.

त्याच दिवशी लेकीचा फोन आला. तिच्या कानावर बातमी गेली होती. तिकडचं काम चांगलं होतं, पण माणसं परकी होती आणि ती अजून रुळली नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "कारखाना चालू झाला ना? मग आम्ही परत येऊ का?"

या, असं त्यांच्या ओठापर्यंत आलं. एक शब्द, आणि उद्या संध्याकाळी दारात हाक. हातातला टॉवेल त्यांनी घट्ट धरला.

"मला नको विचारू, पोरी," ते म्हणाले. "मला तर तू हवीच आहेस, मी काय सांगणार? दोघं बसा, प्रार्थना करा आणि ठरवा. इकडे मीही बसतो."

"तुमच्या मनात काय आहे, बाबा?"

"माझ्या मनात तू सुखी राहावीस. कुठे, ते मी त्याच्यावर सोडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान नुकतंच उघडलं होतं तेव्हा, पुन्हा फोन वाजला. "बाबा, आम्ही इथेच राहतो," लेक म्हणाली. "ह्यांना इथलं काम मनापासून आवडलंय. आणि मला वाटतं, इथेच राहायला हवं."

"बरं," मामा म्हणाले. "राहा. सुखात राहा."

फोन ठेवून ते रिकाम्या खुर्चीत बसले आणि रडले, चांगले पोटभर. मग उठले, तोंडावर पाणी मारलं, टॉवेलाने पुसलं. दारात टेम्पोवाला उभा होता. मामांनी खुर्ची झटकली, त्याच्या अंगावर कापड टाकलं आणि पाणी गरम करायला ठेवलं.